काचेच्या पोटातील पाणी : बिघडलेली दुहेरी काच बदलताना

दुहेरी काचेच्या खिडकीत दोन काचांच्या मधोमध धुके धरू लागले, की ते आतूनही पुसले जात नाही आणि बाहेरूनही पुसले जात नाही, हे घरमालकाच्या लवकरच लक्षात येते. मात्र त्यावर नेमके काय करावे याविषयी सहसा दोन टोकांचे सल्ले मिळतात. चौकटीसकट सगळी खिडकी काढून नवी बसवावी, असा एक सल्ला असतो, तर काचेच्या कडेने बाहेरून सिलिकॉनची रेघ ओढली की काम भागेल, असा दुसरा. पहिल्याने पैसा वाया जातो आणि दुसऱ्याने आत शिरलेले पाणी आतच अडकून उरलेली काच अधिक लवकर नासते. बहुतेक प्रसंगी चौकट आणि पल्ला शाबूत असतात व बदलण्याजोगा असतो तो केवळ त्यांत बसवलेला काचेचा हवाबंद संच. तो कसा ओळखावा, कसा मोजावा, कसा मागवावा व कसा बसवावा याचा विचार या लेखात भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतील, विशेषतः भाटघर जलाशयाच्या काठच्या, घरांना समोर ठेवून केला आहे.

येळवंडी नदीवरील भाटघर धरण १९२८ साली पूर्ण झाले, त्या वेळी त्याला मुंबई इलाख्याचे माजी गव्हर्नर लॉईड यांचे नाव देण्यात आले आणि आज त्याचा जलाशय येसाजी कंक यांच्या नावाने ओळखला जातो. या परिसरातील जुन्या घरांच्या खिडक्या लहान, लाकडी आणि पावसाच्या माऱ्यापासून पडवीने व पुढे आलेल्या पाख्याने झाकलेल्या असत, कारण नैऋत्येचा पाऊस येथे सरळ न पडता वाऱ्याबरोबर आडवा येतो, याची जाण ती घरे बांधणाऱ्यांना होती. गेल्या काही दशकांत पुण्यातील कुटुंबांनी जलाशयाच्या काठी आणि वेल्ह्याच्या डोंगरउतारांवर जी शेतघरे व बंगले बांधले, त्यांत पाणी आणि डोंगर दिसावेत म्हणून भिंतीच्या जागी काच आली, छपराचा पाखा आखूड झाला, आणि त्याच आडव्या पावसाला काच उघड्यावर सामोरी गेली. त्यातही ही घरे अनेकदा आठवड्याच्या सुटीपुरती उघडली जातात आणि भर पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे बंद राहतात. त्यामुळे खिडकीच्या तळाशी पाणी साचले तरी ते कोणाच्या दृष्टीस पडत नाही. दुहेरी काच येथे का बिघडते, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या वर्णनातच आहे.

बाजारात ज्याला ‘डीजीयू’ म्हणतात, तो संच म्हणजे ठरावीक अंतर राखून एकमेकींना जोडलेल्या दोन काचा होत. दोन काचांमध्ये सर्व बाजूंनी ॲल्युमिनियमची, स्टीलची अथवा प्लास्टिकमिश्रित पदार्थाची पोकळ पट्टी असते, तिला स्पेसर म्हणतात. तिच्या पोकळीत ओलावा शोषणारे बारीक दाणे भरलेले असतात आणि पट्टीच्या आतल्या अंगाला असलेल्या सूक्ष्म छिद्रांवाटे ते दाणे मधल्या हवेतील बाष्प ओढून घेतात. पट्टी आणि काच यांच्या सांध्यात ब्युटाइल या चिकट रबरासारख्या पदार्थाचा पहिला थर असतो, ज्याचे काम बाष्प अडवण्याचे. त्याच्या बाहेरून पॉलिसल्फाइड, पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉन यांचा दुसरा थर असतो, ज्याचे काम दोन्ही काचा घट्ट धरून ठेवण्याचे. मधल्या जागेत कोरडी हवा किंवा अर्गॉन वायू असतो. अशा रचनेचे पेटंट न्यूयॉर्कच्या थॉमस स्टेटसन यांनी १८६५ सालीच घेतले होते, परंतु ती घरोघरी पोहोचायला सांध्यांची रसायने सुधारण्याची वाट पाहावी लागली. आजही संचाचे आयुष्य काचेवर नव्हे, तर कडेच्या त्या बोटभर रुंदीच्या सांध्यावर अवलंबून असते.

हा सांधा रोज थोडा थोडा झिजतो. संच हवाबंद असल्यामुळे दुपारच्या उन्हात मधली हवा तापून प्रसरण पावते व काचा बाहेर फुगतात, आणि पहाटेच्या गारव्यात ती आकुंचन पावून काचा आत ओढल्या जातात. तापमानात दहा अंशांचा फरक पडला तर मधल्या हवेच्या दाबात सुमारे साडेतीन टक्क्यांचा फरक पडू पाहतो. मावळाच्या या पट्ट्यात उन्हाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानातील तफावत मोठी असते आणि पश्चिमेकडे तोंड करून असलेल्या काचेला दुपारनंतरचे ऊन थेट मिळते, म्हणून संचाचे हे श्वास घेणे-सोडणे वर्षानुवर्षे चालू राहते. सांध्यात बारीकशी फट पडली की प्रत्येक श्वासाबरोबर थोडे बाष्प आत येते, दाणे ते शोषत राहतात, आणि एक दिवस दाण्यांची शोषणशक्ती संपते. काचेवर धुके दिसते ते त्यानंतर. म्हणजे बिघाड दिसण्याच्या पुष्कळ आधी तो सुरू झालेला असतो.

तरीही नुसत्या श्वासाने चांगला संच सहसा पंधरा-वीस वर्षांच्या आत मरत नाही. पाच-सहा वर्षांतच संच गेला असेल, तर त्याच्या पायाशी पाणी उभे राहत होते काय, ही शंका प्रथम घ्यावी. खिडकीची चौकट पाणी पूर्णपणे अडवील अशी कल्पनाच तिच्या रचनेत नसते. रबरी पट्टीतून थोडे पाणी खाचेत उतरणार हे गृहीत धरून ते बाहेर काढण्यासाठी चौकटीच्या तळाशी लहान लांबट भोके ठेवलेली असतात. ही निचऱ्याची भोके बुजली की पाणी खाचेत साचते, संचाची खालची कड त्यात भिजत राहते आणि पाण्यात सतत बुडालेला कोणताही सांधा शेवटी सोडतो. भाटघर परिसरात भोके बुजण्याची कारणे ठरलेली आहेत : पहिल्या पावसानंतर दिव्याकडे झेपावणाऱ्या पंखवाल्या वाळव्यांचे पंख, उन्हाळ्यात ओसरलेल्या जलाशयाच्या गाळपेरावरून उडणारी धूळ, रंगाऱ्याच्या हातून भरली गेलेली पुट्टी, मुंग्या येतात म्हणून कोणीतरी चिकटवलेली टेप, आणि कुंभारीण माशीने त्या भोकातच बांधलेले मातीचे घर. नवी काच बसवून ही भोके तशीच बुजलेली ठेवणे म्हणजे नव्या काचेलाही त्याच पाण्यात उभे करणे होय. म्हणून काच बदलण्याच्या कामात काचेपेक्षा खाचेकडे अधिक लक्ष द्यावे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

बिघाड ठरवण्यापूर्वी ओलावा कोणत्या पृष्ठभागावर आहे, हे बोटाने तपासावे. खोलीच्या बाजूने पुसला जाणारा ओलावा खोलीतील दमटपणाचा असतो आणि त्यावर उपाय खोली हवेशीर करण्याचा. बाहेरच्या बाजूने पुसला जाणारा ओलावा, विशेषतः पावसाळ्यात वातानुकूलन चालू असताना किंवा हिवाळ्याच्या पहाटे, म्हणजे दव होय. त्याचा बिघाडाशी संबंध नाही. इंग्लंड-कॅनडातील मराठी कुटुंबांना हिवाळ्यात घराच्या आतल्या बाजूस पाणी धरलेले दिसते, तर येथे थंड केलेल्या खोलीच्या काचेवर ते बाहेरून दिसते, कारण बाष्प नेहमी उबदार दमट हवेकडून थंड पृष्ठभागावर बसते आणि ऊब त्यांच्याकडे घरात असते, आपल्याकडे अंगणात. दोन्हींकडून पुसूनही जो ओलावा हलत नाही, तोच मधला. त्याच्या जोडीला काचेच्या आत पांढरट डागांचे ओघळ, तळाशी कोरड्या थेंबांच्या खुणा, स्पेसरवरून दृश्य भागात उतरलेली काळी चिकट रेघ किंवा तेलासारखे इंद्रधनुषी वलय दिसले, तर संच गेला याविषयी शंका उरत नाही.

येथे ऋतूमुळे होणारी एक दिशाभूल ध्यानात ठेवावी. श्रावण-भाद्रपदात सकाळी धुरकट दिसणारी काच चैत्र-वैशाखात पुन्हा लख्ख दिसू लागते, आणि ती आपोआप बरी झाली असा समज होतो. वस्तुतः तापलेल्या काचेवर बाष्प जमत नाही एवढेच घडलेले असते. ते मधल्या हवेतच असते आणि पुढच्या पावसाळ्यात काचेवर परत बसते. म्हणून संशयित संच पावसाळा संपताना, सकाळी, ऊन पडण्यापूर्वी तपासावा व त्याच वेळी नोंदवून ठेवावा, म्हणजे उन्हाळ्यात कारागीर आल्यावर कोणती काच बदलायची यावर वाद होत नाही.

धुके आले म्हणून घाई मात्र करू नये. एकेरी काचेतून उष्णता जाण्याचे प्रमाण चौरस मीटरमागे दर अंशाला सुमारे ५.७ वॅट, तर साध्या दुहेरी काचेतून सुमारे २.८ वॅट असते, आणि सांधा सैल झाल्याबरोबर हा फरक नाहीसा होत नाही. मधली हवेची जागा तशीच राहते, फक्त अर्गॉन असेल तर तो हळूहळू निघून जातो. नुकसान होते ते दृश्याचे, आणि काचेवर उष्णता परतवणारा लेप असेल तर त्या लेपाचे, कारण ओलाव्याने तो गंजतो व ठिपके धरतो. तेव्हा धुरकट संच दिवाळीपर्यंत थांबू शकतो. तडा गेलेली काच मात्र थांबू शकत नाही, तिला दोन्ही बाजूंनी रुंद चिकटपट्टी लावून ती लगेच काढण्याची व्यवस्था करावी. काचेला बारीक छिद्र पाडून आतला ओलावा सुकवण्याचा जो उपाय काही ठिकाणी सुचवला जातो, त्याने दाण्यांची गेलेली शक्ती परत येत नाही आणि सुटलेला सांधाही जुळत नाही. शिवाय टफन, म्हणजे तापवून कडक केलेल्या, काचेला छिद्र पाडताच ती पूर्ण फुटते, त्यामुळे या भागातील बहुतेक मोठ्या काचांना तो लागूच पडत नाही.

या कामात मोजमापातली चूक सर्वांत महाग पडते, कारण टफन काच भट्टीत तापवून झटक्याने थंड केलेली असते आणि त्यानंतर ती कापता किंवा घासून लहान करता येत नाही. चुकलेल्या मापाचा संच भंगारात जातो. दिसणाऱ्या काचेचे माप घेऊन अंदाजाने थोडे वाढवणे हा मार्ग टाळावा. काच धरून ठेवणारी पट्टी, जिला कारागीर ‘बीडिंग’ म्हणतात, ती एका बाजूची काढून खाच उघडी करावी आणि खाचेची रुंदी वर, मध्ये व खाली अशा तीन ठिकाणी, तसेच उंची डावीकडे, मध्ये व उजवीकडे अशा तीन ठिकाणी मोजावी. प्रत्येकातील सर्वांत लहान माप धरून त्यातून दहा मिलिमीटर वजा करावे, म्हणजे संचाभोवती प्रत्येक बाजूस पाच मिलिमीटर जागा मोकळी राहते. दोन्ही कर्ण मोजून चौकट गुण्यात आहे की नाही हेही पाहावे. कर्णांत लक्षणीय फरक असेल तर चौकट खचली आहे किंवा पल्ला लोंबला आहे, आणि तो दोष आधी दूर करावा लागतो.

माप मिलिमीटरमध्येच लिहून द्यावे. आपल्याकडील काचकामात अजूनही इंच आणि सूत चालतात, एका इंचात आठ सूत असतात आणि एक सूत तीन मिलिमीटरांहून किंचित अधिक भरते. एकेका बाजूला एका सुताची गफलत झाली तरी पाच मिलिमीटरांची मोकळी जागा निम्म्याहून कमी उरते आणि उन्हात फुगणाऱ्या चौकटीत काच दाटते. रुंदी आधी आणि उंची नंतर, असे शब्दांत लिहावे, कारण केवळ दोन आकडे दिल्यास उभी काच आडवी करून पाठवल्याचे प्रकार घडतात आणि लेप, रंगछटा किंवा नक्षी असलेल्या काचेत ही चूक दुरुस्त होत नाही. जाडीही नेमकी द्यावी : ६-१२-६ याचा अर्थ सहा मिलिमीटरची काच, बारा मिलिमीटरची मधली जागा आणि पुन्हा सहा मिलिमीटरची काच, म्हणजे एकूण चोवीस मिलिमीटर, बीडिंग त्या जाडीच्या हिशेबानेच बनवलेले असते आणि एकूण जाडी दोन मिलिमीटरने वाढली तरी ते खाचेत बसत नाही. स्पेसरच्या पट्टीवर दृश्य बाजूने निर्मात्याचे नाव, उत्पादनाचा महिना-वर्ष किंवा मानकाचा क्रमांक छापलेला असल्यास त्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे.

मूळ काचेत लेप आहे की नाही हे ओळखण्याची जुनी युक्ती आजही उपयोगी पडते. अंधारात काचेसमोर पेटती काडी किंवा लहान दिवा धरला असता दुहेरी काचेच्या चार पृष्ठभागांतून चार प्रतिबिंबे दिसतात. त्यांतील एकाचा रंग इतर तिन्हींहून वेगळा दिसला तर त्या पृष्ठभागावर लेप आहे. पृष्ठभाग बाहेरून आत मोजतात, म्हणजे उन्हाकडचा पहिला आणि खोलीकडचा चौथा. उष्ण प्रदेशात ऊन अडवणारा लेप दुसऱ्या पृष्ठभागावर, म्हणजे बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला असावा लागतो. थंड देशांत तो पुष्कळदा तिसऱ्यावर ठेवतात. संच उलटा बसला तर लेप तिसऱ्या जागी जातो, उन्हाची उष्णता आतल्या काचेत शोषली जाऊन खोलीकडे येते आणि खर्च केलेल्या पैशाचा मोठा भाग निरुपयोगी होतो. म्हणून ‘ही बाजू बाहेर’ अशी चिठ्ठी कारखान्यातूनच लावून मागावी. एकाच भिंतीतील तीन-चार खिडक्यांपैकी एकच काच बदलायची असेल, तर जुन्या काचेच्या छटेचा नमुना जुळवून घ्यावा, नाहीतर ती एक खिडकी भिंतीत ठिगळासारखी उठून दिसते.

काच कोणत्या जातीची घ्यावी, हे जागेवर ठरते. दारालगतची, जमिनीपासून खाली सुरू होणारी किंवा जिन्याशेजारची काच सुरक्षित प्रकारचीच असावी, आणि काच फुटल्यास माणूस उंचावरून खाली पडू शकेल अशा ठिकाणी निदान एक काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये चिवट पातळ पापुद्रा दाबून बनवलेली, असावी; ती तडकली तरी जागेवर राहते, तर टफन काच बारीक तुकड्यांत सांडून मोकळी जागा सोडते. सुरक्षा काचेसाठी भारतीय मानक आयएस २५५३ आणि इमारतींतील काचेच्या वापरासाठी आयएस १६२३१ आहे, तर हवाबंद संचाच्या टिकाऊपणाच्या कसोट्या ईएन १२७९ या युरोपीय मानकात आहेत. पावतीवर यांपैकी लागू असलेल्या मानकाचा उल्लेख मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि टफन काचेच्या कोपऱ्यात तिचा शिक्का असला पाहिजे.

उंचीचा मुद्दा या भागात सहसा कोणी विचारात घेत नाही. संच ज्या ठिकाणी बंद केला जातो तेथील हवेचा दाब त्याच्या पोटात कायमचा कोंडला जातो. भाटघरचा काठ समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच आहे आणि तेथील हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे सात टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे मुंबई, तळोजा किंवा भिवंडीकडे बंद केलेला संच घाट चढून आला की तो काहीसा फुगलेल्या अवस्थेतच चौकटीत बसतो आणि उन्हाळ्यात आणखी फुगतो. मोठ्या काचा लवून हा ताण सोसतात. अरुंद, आखूड काचा ताठ असल्यामुळे लवत नाहीत आणि सगळा ताण सांध्यावर येतो, म्हणून स्नानगृहाच्या किंवा जिन्याच्या चिंचोळ्या खिडक्यांतील संच आधी बिघडलेले आढळल्यास नवल नाही. पुण्याच्या परिसरात बंद केलेल्या संचाला ही अडचण येत नाही, कारण पुणे आणि भाटघर यांच्या उंचीत फारसा फरक नाही. किनाऱ्यावरूनच मागवायचे असेल तर बसवण्याच्या जागेची उंची निर्मात्याला आधी कळवावी, म्हणजे बंद करताना त्याची भरपाई करता येते.

कामाला योग्य काळ दिवाळीनंतर सुरू होतो आणि वळवाच्या आधी संपतो. उन्हाळ्याच्या अखेरीस जलाशय इतका उतरतो, की एरवी पाण्याखाली असलेले कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते. त्या दिवसांत खाच पूर्ण कोरडी मिळते हे खरे, परंतु दुपारी काच आणि चौकट दोन्ही ताणलेल्या असतात, म्हणून त्या महिन्यांत काम सकाळीच उरकावे. काच कापून, भट्टीत टफन करून, संच बंद होऊन यायला वेळ लागतो, हे धरून मागणी आधीच नोंदवावी. वाहतुकीत काच नेहमी उभी, लाकडी घोड्याला टेकून आणि पट्ट्यांनी बांधून आणावी. टेम्पोत आडवी टाकलेली काच कापूरहोळहून भोरकडे किंवा नसरापूरहून मार्गासनीमार्गे वेल्ह्याकडे येताना रस्त्याच्या हादऱ्यांनी कडेला दुखावते आणि ती इजा पुढे कधीतरी अचानक फुटण्याचे कारण होते. घरी आल्यावरही ती फरशीवर टेकवू नये, खाली लाकडी फळी किंवा रबर ठेवावे, कारण टफन काच मधोमध दणकट आणि कडेला नाजूक असते.

वजनाचा अंदाज घेतल्याशिवाय हात घालू नये. काचेचे वजन दर चौरस मीटरला, जाडीच्या दर मिलिमीटरमागे अडीच किलो भरते. म्हणजे ६-१२-६ चा संच दर चौरस मीटरला तीस किलो, आणि १.२ बाय १.५ मीटरची काच चोपन्न किलो, सिमेंटच्या पोत्याहून जड. तळमजल्यावरची, एका माणसाला पेलेल एवढी लहान काच कुशल घरमालक मदतनीस घेऊन बदलू शकतो. वरच्या मजल्यावरची, उतारावर झुकलेली किंवा दोघांना जड जाणारी काच परांची बांधून, व्हॅक्यूम कप वापरणाऱ्या कारागिरांकडूनच बदलून घ्यावी. जलाशयावरून वारा सुटला असेल तर उघड्या हातात मोठी काच धरणे कोणालाही धोक्याचे आहे.

यूपीव्हीसीच्या खिडकीत बीडिंग बहुधा खोलीच्या बाजूने असते. रंगाऱ्याची पातळ पोलादी पट्टी सर्वांत लांब बीडिंगच्या मध्यभागी खुपसून ते हळूहळू सैल करावे, कारण मध्ये ते लवते आणि कोपऱ्यात ते जोडाला घट्ट असते. लांब पट्ट्या आधी, आखूड नंतर निघतात. प्रत्येक पट्टीच्या मागे ती कोणत्या बाजूची हे लिहावे. शेवटची पट्टी निघण्यापूर्वी दुसऱ्या माणसाने काच धरलेली असावी, जाड हातमोजे आणि बंद बूट घातलेले असावेत. काच उचलल्यावर तिच्याखाली जे प्लास्टिकचे लहान तुकडे दिसतात, ते ‘पॅकिंग’ फेकून देऊ नये; त्यांच्या जागांचे छायाचित्र घ्यावे, कारण काचेचा भार त्यांच्यावरच तोललेला असतो.

आता खाच. जुने सिलिकॉन, माती, किड्यांचे अवशेष खरवडून काढावेत, ओल्या फडक्याने पुसावे आणि खाचेत एक तांब्या पाणी ओतून ते बाहेरच्या भोकांतून लगेच वाहते की नाही हे पाहावे. पाणी थबकले तर तारेने किंवा बारीक प्लास्टिकच्या पट्टीने भोके मोकळी करावीत; ड्रिलने नवे भोक पाडण्याचा मोह टाळावा, कारण चुकीच्या जागी पाडलेले भोक चौकटीच्या आतल्या लोखंडी आधारापर्यंत पाणी पोहोचवते. सरकत्या खिडकीत खालचा रूळ हाच पाण्याचा मार्ग असतो, त्यामुळे त्याची सफाई तितकीच आवश्यक आहे. या चाचणीचे पाणी पूर्ण सुकल्यावरच नवी काच आत घ्यावी. चाचणी आणि सुकणे यांना अर्धा तास लागला तरी चालेल; सगळ्या कामात हाच अर्धा तास सर्वांत मोलाचा आहे.

पॅकिंग कठीण प्लास्टिकचे आणि संचाच्या पूर्ण जाडीएवढे रुंद असावे, म्हणजे दोन्ही काचा टेकतात. एकच काच टेकली तर दुसरी सांध्यावर लोंबते आणि सांधा सुटतो. लाकडाचा तुकडा किंवा पुठ्ठा वापरू नये, तो पाणी धरतो. पॅकिंगमुळे निचऱ्याचे भोक झाकले जाता कामा नये. न उघडणाऱ्या खिडकीत खाली दोन्ही कोपऱ्यांपासून रुंदीच्या साधारण चौथाईवर एकेक पॅकिंग पुरते. बिजागरीच्या पल्ल्यात मात्र एक पॅकिंग खाली बिजागरीच्या बाजूस आणि दुसरे कर्णरेषेत वर मुठीच्या बाजूस द्यावे लागते, म्हणजे काच पल्ल्याला तिरकी उचलून धरते आणि पल्ला लोंबत नाही. सरकत्या पल्ल्यात भार चाकांवर यावा म्हणून पॅकिंग चाकांच्या वर ठेवतात. बीडिंग परत बसवताना आखूड पट्ट्या आधी आणि लांब पट्ट्या किंचित धनुष्यासारख्या वाकवून नंतर, रबरी हातोडीने काचेला समांतर ठोके देत बसवाव्यात.

ॲल्युमिनियमच्या खिडकीत काच धरणारे रबर बहुधा आखडलेले आणि कोपऱ्यांत उघडे पडलेले सापडते. तेच पाणी आत येण्याचे मुख्य दार असते, म्हणून काचेबरोबर रबरही नवे घ्यावे. ते खेचून न लावता मापापेक्षा किंचित लांब कापून दाबत बसवावे आणि त्याचा जोड वरच्या बाजूस मध्यावर यावा, खालच्या कोपऱ्यात येऊ नये. सिलिकॉन वापरायचे असेल तर ते न्यूट्रल प्रकारचे असावे. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते ॲसिटिक सिलिकॉन संचाच्या सांध्यातील ब्युटाइलला आणि काचेवरील लेपाला बाधते, आणि दुकानात स्वस्त म्हणून सहसा तेच पुढे केले जाते. जलाशयाचे अखंड दृश्य मिळावे म्हणून कोपऱ्यात खांब न देता काचेला काच जोडलेल्या खिडक्यांत संचाची कड थेट उन्हात असते. तेथे बाहेरचा सांधा पॉलिसल्फाइडचा असेल तर सूर्यप्रकाशाने तो काही वर्षांत चिरतो, म्हणून अशा काचेसाठी सिलिकॉनचा सांधा स्पष्ट शब्दांत मागावा.

दर चौरस फुटावर ठरतो, परंतु माप पुढच्या ठरावीक इंचापर्यंत वाढवून हिशेब करण्याची रीत अनेक दुकानांत असल्यामुळे आकारणीचे माप कोणते, हे आधी विचारून घ्यावे. हमी किती वर्षांची यापेक्षा ती कशाची, हे पाहावे : काही हमीपत्रांत नवा संच मिळतो, पण जुना काढण्याची, वाहतुकीची व बसवण्याची मजुरी मिळत नाही, आणि निचरा बंद असल्याचे आढळल्यास हमी रद्द होते. म्हणून बसवतेवेळी मोकळ्या खाचेचे, भोकांतून वाहणाऱ्या पाण्याचे आणि स्पेसरवरील छपाईचे छायाचित्र पावतीसोबत ठेवावे. घराची देखरेख गावातील कोणी करत असेल, तर त्यांना प्रत्येक खिडकीची भोके दाखवून द्यावीत आणि रोहिणी-मृगाच्या आधी एकदा व नवरात्राच्या सुमारास एकदा त्यांत पाणी ओतून पाहण्याचे काम त्यांच्या ठरलेल्या कामांत घालावे. संचाचे माप, जाडी, लेपाची बाजू आणि बसवल्याचा महिना-वर्ष पल्ल्याच्या बिजागरीकडील कडेवर, बंद खिडकीत न दिसेल अशा जागी, पक्क्या शाईने लिहून ठेवले, तर पुढच्या वेळी काच मागवण्यासाठी बीडिंग उघडावे लागत नाही.